सातबाऱ्यावरील डिजिटल स्वाक्षरी आणि प्रश्नचिन्ह

पीककर्जाचे अर्ज भरण्याचे दिवस आले की एक तक्रार हटकून कानी येते. शेतकऱ्याने शुल्क भरून महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घेतलेला असतो. परंतु संगणकावर तो उघडताच स्वाक्षरीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसते व ‘व्हॅलिडिटी अननोन’ अशी अक्षरे उमटतात. मग उतारा खोटा ठरविला जातो आणि शेतकऱ्यास आणखी एक हेलपाटा पडतो. हा हेलपाटा बहुधा अनावश्यक असतो.

बँकेत खातेदाराच्या सहीचा नमुना ठेवलेला असतो. नमुनाच हाती नसेल तर कारकून ‘सही खोटी आहे’ असे म्हणत नाही. ‘मला पडताळता येत नाही’ एवढेच म्हणतो. प्रश्नचिन्हाचा अर्थ नेमका इतकाच होय. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये आपल्या देशात प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक नेमलेले आहेत. त्यांचे मूळ प्रमाणपत्र ‘सीसीए इंडिया’ या नावाने, पुढे वर्षाचा आकडा घालून, निघते. त्याच्या आधारे परवानाधारक संस्थांना व त्या संस्थांकडून सही करणाऱ्या अधिकाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. ही साखळी ज्या मुळापासून सुरू होते ते मूळ आपल्या संगणकातील वाचन-प्रणालीस ठाऊक नसले, की ती प्रश्नचिन्ह दाखविते. कायद्याने स्वाक्षरीस दिलेली मान्यता या चिन्हावर अवलंबून नाही.

तांबड्या फुलीची गोष्ट मात्र निराळी. सही झाल्यानंतर मजकुरात फेरफार झाला असता ती दिसते. अशा वेळी खटपट न करता उतारा पुन्हा उतरवून घ्यावा. पुष्कळदा यात लबाडी नसते. फाईल लहान करण्यासाठी किंवा दोन कागद जोडण्यासाठी कोणीतरी तिच्यावर प्रक्रिया केलेली असते, आणि तेवढ्याने सही मोडते.

प्रश्नचिन्ह घालविण्याचा जो उपाय सर्वत्र सांगितला जातो तो असा: सहीवर माऊसचे उजवे बटण दाबून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’, मग ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, मग प्रमाणपत्र उघडून ‘ट्रस्ट’ या सदरात ते विश्वसनीय यादीत घालणे. याने हिरवी खूण येते खरी. पण धोकाही येथेच आहे. कोणीही मनुष्य घरबसल्या ‘तहसीलदार’ या नावाचे प्रमाणपत्र बनवून सही करू शकतो, आणि आपण डोळे मिटून विश्वास दर्शविला तर त्या सहीलाही हिरवी खूण मिळते. साखळीच्या माथ्यावर ‘सीसीए इंडिया’ लिहिलेले दिसले तरी तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. नाव काय, कोणीही लिहील. म्हणून मूळ प्रमाणपत्र त्या कागदातून न घेता नियंत्रकांच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. मग अ‍ॅडोब रीडरच्या ‘प्रेफरन्सेस’मधील ‘सिग्नेचर्स’ या भागात, विश्वसनीय प्रमाणपत्रांच्या यादीत ते ‘इम्पोर्ट’ करून त्यास मूळ म्हणून मान्यता द्यावी. हे काम ग्रामपंचायतीच्या अथवा सेवा सोसायटीच्या संगणकावर एकदा केले म्हणजे त्याच मुळाखालील पुढील उताऱ्यांना प्रश्नचिन्ह सहसा येत नाही. नियंत्रक काही वर्षांनी नवे मूळ काढतात, तेव्हा मात्र तेही घालावे लागते.

तपासणीच्या वेळी संगणक इंटरनेटला जोडलेला असावा, कारण रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची यादी तेथूनच पाहिली जाते. ही केवळ औपचारिकता नव्हे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन शाखेकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले, आणि नियंत्रकांना त्या शाखेची मधली प्रमाणपत्रे रद्द करावी लागली.

संगणकाची तारीखही पाहावी. आतील बॅटरी संपलेला जुना संगणक कित्येक वर्षे मागची तारीख दाखवितो. त्याच्या हिशेबी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र अजून निघालेलेच नसते.

छापील प्रतीसंबंधी गैरसमज फार आहे. डिजिटल सही फाईलमध्ये असते, कागदावर नव्हे. कागदावर प्रश्नचिन्ह छापून आले म्हणून उतारा बाद होत नाही आणि हिरवी खूण छापून आली म्हणून तो खरा ठरत नाही. मोबाईलवरील पुष्कळशी वाचन-साधने तर सही तपासतच नाहीत. केवळ तिचे चित्र दाखवितात. कागद हाती असता खरी पडताळणी उताऱ्यावर छापलेल्या १६ अंकी क्रमांकाने होते. तो क्रमांक डिजिटल सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर घालावा व समोर येणारा उतारा हातातील कागदाशी ताडून पाहावा: गट क्रमांक, क्षेत्र, खातेदारांची नावे आणि विशेषतः इतर हक्कांतील बोजा. संकेतस्थळाचा पत्ता मात्र आपण स्वतः लिहावा. कोणी पाठविलेल्या दुव्यावरून जाऊ नये.

विनामूल्य पाहावयास मिळणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो व त्यावर सही नसते. तो घेऊन आलेल्या शेतकऱ्यास प्रश्नचिन्हाची कथा सांगत बसण्यापेक्षा स्वाक्षरीचा उतारा काढून द्यावा, आणि मूळ फाईल न बदलता त्याच्या मोबाईलमध्ये जपून ठेवण्यास सांगावे.