गुलाबाची कुंडी बदलताना टोचलेला काटा

पाऊस ओसरला की ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी होते आणि त्याच सुमारास जुन्या कुंड्याही बदलल्या जातात. पुढच्या काही आठवड्यांत बोट सुजवून घेतलेले बागप्रेमी आमच्या बाह्यरुग्ण विभागात हमखास दिसतात, त्यात निवृत्त मंडळी जास्त.

फूल तोडताना टोचलेला काटा आणि कुंडी बदलताना टोचलेला काटा यांत फरक आहे. तीन-चार वर्षं एकाच कुंडीत वाढलेल्या गुलाबाची मुळं आत वेटोळी घालून बसतात. झाड ओढून काढताना एक हात फांद्यांत आणि दुसरा जुन्या मातीत, शेणखतात असतो. जखम आणि माती एकदमच भेटतात.

म्हणून आदल्या दिवशी कुंडीला पाणी द्या, म्हणजे मातीचा गोळा अखंड सुटतो. लांब फांद्या आधी छाटा. भांडी घासायचे रबरी हातमोजे काट्यापुढे टिकत नाहीत, जाड चामड्याचे घ्या. (डोळा भरलेला सांधा मातीच्या वर ठेवा आणि नवी फूट येईपर्यंत खत देऊ नका, हा सल्ला डॉक्टरचा नाही, माळ्याचा.)

धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं तग धरतात. त्यांना प्राणवायू नसलेली जागा लागते आणि काट्याची अरुंद, खोल जखम अगदी तशीच असते. काटा काढून साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवा. मातीने मळलेल्या जखमेत शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, तर इंजेक्शन घ्यावं. ते कधी घेतलं असं विचारलं की बायका बाळंतपणाचं साल सांगतात, पुरुष आठवत बसतात! ‘टीटी’ऐवजी आता ‘टीडी’ देतात, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण मिळतं. लहानपणी लसीकरण पूर्ण झालंच नसेल तर एक सुई पुरत नाही, सगळे डोस घ्यावे लागतात.

दुसरा आजार कमी दिसतो, म्हणूनच चुकतो. स्पोरोट्रायकोसिस ही बुरशी अमेरिकेत शेंक यांनी १८९८ मध्ये प्रथम वर्णन केली. भारतात ती हिमालयाच्या पायथ्याशी आणि ईशान्येकडे जास्त आढळते. काटा टोचून एक ते तीन आठवड्यांनी, कधी आणखी उशिरा, तिथे न दुखणारी गाठ येते आणि फुटते. मग मनगटाकडून कोपराकडे माळेतल्या मण्यांसारख्या गाठी उठत जातात. ताप नसतो, त्यामुळे रुग्ण निवांत असतो. साध्या प्रतिजैविकांनी ती हटत नाही. गाठीचा तुकडा किंवा पू कल्चरला पाठवावा लागतो. इट्राकोनॅझोल तीन ते सहा महिने घ्यावं लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

काट्याचं टोक सांध्यात अडकलं तर सांधा आठवडेच्या आठवडे सुजलेला राहतो. साध्या एक्स-रेत ते बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत सापडू शकतं. मधुमेहींच्या बोटांना बधिरपणा असेल तर टोचल्याचंच कळत नाही. त्यांनी काम झाल्यावर हात उजेडात नीट पाहावेत.

लाली पसरत चालली, ताप आला, बोट वाकवता येईना किंवा जबडा आखडला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि महिन्याभरापूर्वी गुलाबाची कुंडी बदलली होती, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.