निखाऱ्यावरची पार्टी, पण खिडकी उघडी ठेवून!

डिसेंबरमधला शनिवार. नांदेडमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, ऑफिसमधली सहा टाळकी आणि टेबलावर नवीकोरी छोटी ग्रिल. बाहेर मस्त गारवा, म्हणून खिडक्या बंद. पनीर टिक्क्याचा पहिला राउंड एकदम सही झाला. दुसऱ्या राउंडला मात्र प्रत्येकाचं डोकं जड! 'आठवड्याचा थकवा, दुसरं काय,' म्हणत आम्ही हसण्यावारी नेलं. तेवढ्यात लातूरहून आजीचा फोन. काय चाललंय ते ऐकून ती ओरडलीच, 'शेगडीपाशी दार लावून कुणी बसतंय का? आधी खिडक्या उघडा!' उघडल्या, गच्चीवर पळालो आणि डोकी हळूहळू ताळ्यावर आली.

आजी शाळेत केमिस्ट्री शिकली नाही, पण तिचं बरोबर होतं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंद खोलीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो. शेतातल्या हुरडा पार्टीत हा प्रश्न येत नाही, कारण आगटीवर छप्परच नसतं!

टेबल ग्रिलिंगची खरी हौस जपान्यांची. तिथला स्टार कोळसा म्हणजे 'बिंचोतान'. आजच्या वाकायामा भागात, म्हणजे जुन्या किशू प्रांतात, उबामे नावाच्या ओकच्या लाकडापासून तो बनतो. सतराव्या शतकाच्या शेवटी तानाबे गावचा व्यापारी बिच्चूया चोझाएमोन तो विकायचा, त्याच्याच नावावरून हे नाव पडलं. भट्टीत लाकूड आधी कित्येक दिवस मंद आचेवर ठेवतात. मग हवा सोडून तापमान १००० अंशांच्या आसपास नेतात आणि लालबुंद कोळसा बाहेर ओढून ओलसर राख-मातीने झाकतात. त्याने वर पांढुरकी झाक येते. हा कोळसा धूर अगदी कमी करतो आणि तासन् तास एकसारखी आच देतो. पण लक्षात ठेवा, धूर नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही, असं अजिबात नाही!

बिंचोतान महाग पडतो. मग आपला लोणारी कोळसा काय वाईट? वखारीत बाभळीचा मिळाला तर उत्तम. निवडण्याचा फंडा सोपा आहे:

• दोन तुकडे एकमेकांवर आपटा. आवाज खणखणीत हवा. बिंचोतान तर धातूसारखा वाजतो.
• तुकडा मोडून बघा. आत तपकिरी लाकूड दिसलं तर कोळसा कच्चा, धूर करणारच.
• ओलसर कोळसा नको. तापल्यावर तो तडतडतो, ठिणग्या उडतात.
• दगडी कोळसा खाण्याच्या पदार्थांसाठी नकोच.

पेटवताना रॉकेल ओतू नका, त्याचा वास थेट टिक्क्यात उतरतो. जाळीच्या भांड्यात कोळसा घालून गॅसवर धरा. लोणारी पटकन पेटतो, बिंचोतानला वीसेक मिनिटं तरी द्या. वर राखेचा पातळ थर आला की मगच भाजायला घ्या. ज्वाळा नको, निखारा हवा. मसाल्यातलं जास्तीचं तेल निथळू द्या, नाहीतर ते निखाऱ्यावर पडून धूरच धूर. ग्रिलखाली जाड फरशी ठेवा, काचेचं टेबल टाळा. शेवटी उरलेल्या आचेत एक वांगं ढकलून द्या, दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी भरीत तयार!

पार्टी संपली की निखारे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करून डबा बाहेरच ठेवा. पूर्ण विझलेले तुकडे पुढच्या वेळी चालतात. धुमसती शेगडी उबेसाठी बेडरूममध्ये नेण्याचा मोह मात्र चुकूनही नको.

आमची टेबल ग्रिल आता कायमची गच्चीवर गेलीय. थंडी वाजते, स्वेटर घालावा लागतो, पण दुसऱ्या राउंडला कुणाचं डोकं जड होत नाही. आजीला हे फोनवर सांगितलं, तर म्हणते कशी, 'बरं झालं. आता मला कधी बोलावताय?'