विश्लेषण : मानधन दिले म्हणजे परवानगी मिळाली का?

रत्नागिरीत गौरी-गणपतीत जाखडी आणि शिमग्यात नमन-खेळे रंगतात. तिथला मृदंग, झांज किंवा कोरस रेकॉर्ड करून नव्या गाण्यात घेणे आता सोपे झाले आहे. वादकाच्या हाती मानधन पडते, कागद मात्र होत नाही. गाणे यूट्यूबवर चालले किंवा जाहिरातीत गेले, की वाद उभा राहतो.

वादकाचा हक्क कोणता?
गीतकार-संगीतकारांचे हक्क सर्वांना ठाऊक असतात. पण कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गायक-वादकालाही सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क आहे. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला, २०१२ मध्ये बळकट झाला आणि ५० वर्षे टिकतो. ‘स्टुडिओत वाजवले, त्यात कसले सादरीकरण?’ हा युक्तिवादही चालत नाही. गायिका नेहा भसीन यांच्या २००६ मधील प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने स्टुडिओतील गायनही सादरीकरणच मानले.

कागदावर काय हवे?
हक्क सोपवायचा तर लेखी करार आणि वादकाची सही हवी. फक्त वापरापुरती परवानगीही लेखीच घ्यावी. कोणते रेकॉर्डिंग, कशासाठी, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे त्यात यावे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो; प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कोकणातले गाणे आखातातही ऐकले जाते, तेव्हा ही ओळ विसरणे महागात पडू शकते. ‘पैसे मिळाले’ एवढीच पावती यातले काहीच सांगत नाही.

मंडळप्रमुखाची सही पुरते?
खरी अडचण इथेच आहे. नमन मंडळात व्यवहार एकजण बघतो, वाजवणारे-गाणारे अनेक. हक्क मात्र प्रत्येकाचा वेगळा. इतरांनी प्रमुखाला लेखी अधिकार दिला नसेल, तर त्याच्या एकट्याच्या सहीवर विसंबणे धोक्याचे. कलाकार १८ वर्षांखालील असेल तर पालकांची सही घ्यावी. आणि हे सगळे रेकॉर्डिंगआधी. सण आटोपला की निम्मे चाकरमानी मुंबईच्या गाडीत असतात.

नाव देणे बंधनकारक आहे?
हक्क सोपवल्यानंतरही नावाची मागणी करण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास तो हरकतही घेऊ शकतो. केवळ संकलनासाठी काही भाग कापणे मात्र मोडतोड ठरत नाही.