डोक्यावरची बॅटरी घेताय? डब्यावरचे ल्युमेन सोडा, रात्रभराचा हिशेब पाहा

रब्बीचे ओलीत, जागल किंवा शेगावची पायी वारी. अंधारात दोन्ही हात मोकळे हवेत तर हेडलॅम्प लागतोच. पण तो निवडायचा कसा आणि वापरायचा कसा? सोप्या भाषेत समजून घ्या.

हरभऱ्याला पाणी द्यायचे आहे आणि थ्री फेज लाईन या आठवड्यात रात्रीची आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लाईन आली की मोटार सुरू करायची, स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढे न्यायचे, बारे फोडायचे, बांधायचे. हे सगळे अंधारात, ओल्या मातीत करायचे. त्याच मातीत घोणस, नाग आणि मण्यार फिरतात. बांधापलीकडे रानडुक्कर असू शकते. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांच्या कडेच्या गावांत अस्वलाचीही धास्ती असते.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० राबवली जात आहे. पण ज्या फीडरवर अजून रात्रीची पाळी आहे, तिथे आजची रात्र उजेडाच्या भरवशावरच काढायची आहे. अनेकांच्या हातात तेव्हा मोबाइलची टॉर्च असते. तिची पहिली अडचण म्हणजे एक हात अडकतो, दुसरी म्हणजे मोबाइलची चार्जिंग संपते. रात्री दोन वाजता १०८ ला फोन लावायची वेळ आली, तर तो मोबाइल चालू असायला हवा. म्हणून उजेडाचे साधन वेगळे हवे.

'एक लाख ल्युमेन' खरे असतात का?

ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचे माप. आठवडी बाजारात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त हेडलॅम्पच्या डब्यावर ५० हजार, एक लाख असे आकडे छापलेले दिसतात. ते खरे की खोटे, हे तुम्ही स्वतः तपासू शकता.

चांगला एलईडी एक वॅट विजेतून साधारण १०० ल्युमेन उजेड देतो. म्हणजे एक लाख ल्युमेनसाठी १,००० वॅट लागतील. एक एचपीची मोटार ७४६ वॅटची असते. डब्यावरचा आकडा खरा मानला तर एक एचपीपेक्षा मोठी मोटार कपाळावर बांधून फिरावे लागेल.

आता बॅटरीचा हिशेब. बहुतेक रिचार्जेबल हेडलॅम्पमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३,००० ते ३,५०० एमएएच असते. सेलवर ९,९०० एमएएच लिहिले असेल, तर त्या आकारात एवढी वीज मावतच नाही. तो सेल खाली ठेवा.

३,००० एमएएचच्या सेलमध्ये साधारण ११ वॅट-तास वीज साठते. वॅटला १०० ल्युमेन धरले तर एका सेलमागे हिशेब असा बसतो :

- १०० ल्युमेनवर : सुमारे ११ तास
- ३०० ल्युमेनवर : सुमारे साडेतीन तास
- १,००० ल्युमेनवर : सुमारे एक तास
- एक लाख ल्युमेनवर : सुमारे ४० सेकंद, तेही सेलने एवढी वीज एकदम देण्याची ताकद दाखवली तर

प्रत्यक्षात सर्किटमध्ये थोडी वीज वाया जाते आणि जुना सेल कमी वीज धरतो. त्यामुळे यातून पाचवा हिस्सा वजाच धरा. तरीही मुद्दा स्पष्ट होतो : उजेड आणि वेळ एकाच पोत्यातून निघतात. एक जास्त घेतला की दुसरा कमी होणारच.

मग किती उजेड पुरेसा?

स्टार्टरचा डबा उघडून पाहायला, पाइपची क्लिप लावायला ३० ते ५० ल्युमेन पुरतात. याहून जास्त उजेड जवळच्या वस्तूवर टाकला तर उलट डोळे दिपतात. बांधावरून चालायला १०० ते १५० ल्युमेन लागतात. धुऱ्यापलीकडे काय हलले ते पाहायचे असेल तेव्हा ३०० ते ५०० ल्युमेन, पण तेही काही सेकंदांपुरते. म्हणून हेडलॅम्पमध्ये किमान तीन पायऱ्या असाव्यात आणि बटण दाबताच आधी कमी उजेडाची पायरी लागावी.

डब्यावरच्या आणखी दोन आकड्यांचा अर्थ माहीत असलेला बरा. नामांकित कंपन्या एफएल-१ नावाच्या मापदंडानुसार आकडे देतात. त्यात 'पल्ला १०० मीटर' म्हणजे १०० मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, म्हणजे ०.२५ लक्स उजेड पोहोचतो. तेवढ्या उजेडात काहीतरी उभे आहे हे कळेल, पण ते डुक्कर आहे की झुडूप, हे कळेलच असे नाही. शिवाय पल्ला दुप्पट करायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते.

दुसरा आकडा चालण्याच्या वेळेचा. याच मापदंडात दिवा सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ मोजतात. 'आठ तास' लिहिलेला दिवा पाचव्या तासालाच मिणमिणता झालेला असू शकतो. उजेड शेवटपर्यंत एकसारखा ठेवणारे सर्किट आहे का, हे दुकानदाराला विचारा. मोठ्या आवाजात सांगितलेल्या ल्युमेनपेक्षा या प्रश्नाचे उत्तर जास्त कामाचे आहे.

कपाळावरचा उजेड सावली लपवतो

हेडलॅम्पचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे हात मोकळे राहतात आणि मान वळेल तिकडे उजेड पडतो. त्याचा दोषही त्याच जागेतून येतो. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्याने वस्तूची सावली त्या वस्तूमागेच दडते. जमीन सपाट वाटते. खड्डा, दगड, पाइप आणि वेटोळे घालून बसलेली घोणस यांतला उंचसखलपणा पटकन जाणवत नाही. घोणशीचा मातकट रंग आणि अंगावरचे गोल ठिपके पालापाचोळ्यात आधीच मिसळून गेलेले असतात.

हातातली बॅटरी कमरेखाली धरून तिरपा झोत टाकला की प्रत्येक ढेकळाची सावली लांब पडते आणि वेगळी वस्तू लगेच नजरेत भरते. म्हणून सोपा नियम : चालताना हातात बॅटरी, काम करताना डोक्यावर हेडलॅम्प. दुसरी बॅटरी नसेल तर चालताना हेडलॅम्प डोक्यावरून काढून पट्ट्याने हातात धरा किंवा कमरेला बांधा. खर्च शून्य, फरक मोठा.

धुके असेल तेव्हाही हेच करा. हिवाळ्यात धरणांच्या पाणलोटाला आणि नदीकाठच्या शेतांत पहाटे धुके दाटते. कपाळावरचा झोत धुक्याच्या थेंबांवरून थेट डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा खाली घ्या, उजेड कमी करा.

डोळे चमकतात, पण सगळ्यांचे नाहीत

कपाळावरच्या दिव्याचा एक फायदा मात्र हातातल्या बॅटरीला नाही. बिबट्या, अस्वल, कोल्हा, रोही यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा थर असतो. तो आलेला उजेड आल्या दिशेने परत पाठवतो. दिवा तुमच्या डोळ्यांशेजारी असल्याने ती चमक नेमकी तुम्हाला दिसते. शेतात शिरण्याआधी धुऱ्यावर उभे राहून मोठ्या उजेडात एकदा चौफेर नजर फिरवावी ती यासाठी.

पण इथे फसगत होऊ शकते. डुकरांच्या डोळ्यांत हा थर नसतो, सापांच्याही नसतो. चमक दिसली नाही म्हणजे शेत मोकळे आहे, असे समजू नका. पिकात शिरताना बोलत, काठी आपटत चला. जवळ गेल्यावर अचानक दचकलेले अस्वल हल्ला करते. आधीच चाहूल लागली तर ते बहुधा वाट सोडते.

जंगलातली जनावरे अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. टिपेश्वरहून निघालेला टी१सी१ हा रेडिओ कॉलर लावलेला वाघ २०१९ मध्ये शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोहोचला, तो वाटेतल्या शेतशिवारांतूनच. चमकणारे डोळे दिसले तर पाठलाग करू नका, झोत रोखून धरू नका. तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे या.

पांढरा, पिवळसर की लाल?

थंड पांढरा उजेड जास्त प्रखर वाटतो, म्हणून तोच खपतो. पण माती, पाचोळा आणि साप यांच्या तपकिरी छटांमधला फरक किंचित पिवळसर उजेडात चांगला कळतो. पर्याय असेल तर ४,००० ते ५,००० केल्विनचा घ्या.

लाल दिवा जागल करणाऱ्यांच्या उपयोगाचा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ते क्षणात मोडते. मंद लाल उजेडात हा सराव बराच टिकतो. मात्र लाल उजेडात चालू नका; त्यात रंगांचा फरक कळत नाही.

पाणी, माती आणि बॅटरी

डब्यावर 'आयपी' लिहून दोन आकडे असतात. पहिला धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. आयपीएक्स ४ म्हणजे चहूकडून उडालेले शिंतोडे चालतात. स्प्रिंकलरखाली जाणाऱ्याला किमान एवढे हवेच. आयपी ६५ असेल तर धूळ आत जात नाही आणि पाण्याची धारही सोसते. विहिरीवर, कॅनॉलवर काम असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा आयपीएक्स ७ बघा. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण तुटले की हे सगळे आकडे निरर्थक होतात.

सेल बदलता येणारा हेडलॅम्प घ्या. जास्तीचा भरलेला सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा. खिशात किल्ल्या, नाण्यांसोबत टाकला तर शॉर्ट होऊन पेटू शकतो. लिथियम सेलला आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. सेलवर किंवा डब्यावर तो 'आर' क्रमांक शोधा. फुगलेला, आवरण फाटलेला किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल वापरू नका. चार्जिंग दिवसा, डोळ्यांसमोर करा; रात्री उशाशी नको.

स्टार्टरजवळ जास्त जपा

फेज गेला, फ्यूज उडाला की ओल्या हातांनी डबा उघडला जातो. हेडलॅम्पमुळे दोन्ही हात मोकळे होतात, म्हणूनच दोन्ही हात आत घालण्याचा मोह होतो. उजेड शॉकपासून वाचवत नाही. आधी मेन स्विच बंद, हात कोरडे, पायात रबरी बूट, खाली कोरडी फळी. डीपीवरचे काम स्वतः करायचेच नाही, ते वायरमनचे आहे.

पायी वारी करणाऱ्यांसाठी

खामगाव, अकोल्याकडून शेगावला पायी निघणारे अनेक भाविक ऊन टाळण्यासाठी पहाटेच्या अंधारात चालतात. रस्त्यावर हेडलॅम्पचे काम दिसण्यापेक्षा दिसून येण्याचे जास्त आहे. झोत खाली पावलांवर ठेवा. समोरच्या चालकाच्या डोळ्यांत गेला तर तो दिपतो आणि त्याला तुम्हीच दिसत नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या पाठीवर लाल दिवा आणि चमकणारी पट्टी असावी.

साप चावलाच तर

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले. त्यातले बहुतेक ग्रामीण भागातले. मण्यारीचा दंश तर अनेकदा दुखतही नाही, म्हणून 'काही झालं नाही' म्हणत थांबू नका.

- घाबरून पळू नका, १०८ ला फोन करा.
- चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीने स्थिर ठेवा. अंगठी, कडे, बूट काढा.
- दोरी आवळू नका, चिरू नका, तोंडाने ओढू नका.
- साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष वापरतात.
- मांत्रिक नाही, थेट सरकारी दवाखाना.

दुकानात विचारायचे सहा प्रश्न

१. १०० ल्युमेनवर किती तास चालतो?
२. सेल बदलता येतो का, आणि त्यावर खरी क्षमता लिहिली आहे का?
३. किमान तीन पायऱ्या आहेत का? सुरुवात कमी उजेडापासून होते का?
४. आयपी क्रमांक किती?
५. दिवा खाली वाकतो का? कानटोपीवरून पट्टा घट्ट बसतो का? जड असेल तर डोक्यावरून जाणारा तिसरा पट्टा आहे का?
६. चिखलाच्या हाताने बटण दाबता येते का, आणि पिशवीत आपोआप सुरू तर होत नाही ना?

घेतल्यावर घरीच एक परीक्षा करा. सेल पूर्ण भरा, तुम्ही वापराल त्या पायरीवर दिवा लावून ठेवा आणि किती तासांनी उजेड उतरतो ते घड्याळात पाहा. लाईन जेवढे तास राहते त्यापेक्षा तो आकडा कमी आला, तर दुसरा सेल सोबत घेतल्याशिवाय शेतात जाऊ नका.