मुखवट्याचा श्वास आणि पहिला तास

गेल्या पावसाळ्यांत माझ्या थोरल्या बंधूंना धाप लागून रुग्णालयांत न्यावें लागलें. फुप्फुसांचा जुनाट विकार. नाकातोंडावर घट्ट मुखवटा बांधून यंत्रानें हवा आंत लोटण्यास आरंभ झाला. "यानें भागेल ना?" असें मीं विचारतांच डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तासाभरानें सांगतों." तें उत्तर मला टाळाटाळीचें वाटलें. पुढें कळलें कीं, शास्त्राचें उत्तरहि तेंच आहे.

अशा विकारांत श्वासाचे स्नायू थकतात, कर्बवायु शरीरांत सांचतो आणि रक्ताची आम्लता वाढते. यंत्र स्नायूंचा भार हलका करतें. म्हणून घशांत नळी घालण्याचा प्रसंग पुष्कळदां टळतो. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय प्रयोगांत नेहमींचेच उपचार झालेल्या ४२ रुग्णांपैकीं ३१ जणांना नळी घालावी लागली. मुखवटा लावलेल्या ४३ पैकीं अवघ्या ११ जणांना.

परंतु हे ११ कोण, हें आधीं कसें ओळखावें? पहिल्या एक-दोन तासांतील पालट येथें फार बोलका असतो. आम्लता उतरली, श्वासांची गति मंदावली व रोगी सावध झाला, तर यशाची आशा बळावते. न्युमोनियासारख्या, प्राणवायूच न्यून पडणाऱ्या रोगांसाठीं चिनी डॉक्टरांनीं २०१७ सालीं एक गुणपत्रिका प्रसिद्ध केली. तींत नाडी, आम्लता, शुद्धि, रक्तांतील प्राणवायु व श्वासगति असे पांच विषय असून एकूण गुण २५. पैकीं १० एकट्या शुद्धीचे. मात्र ही परीक्षा उलटी आहे : जितके गुण अधिक, तितकी स्थिति वाईट. एका तासानंतर ५ हून अधिक गुण झाले, तर मुखवटा अपुरा पडण्याचा संभव फार.

ही घाई कशाकरितां? निष्फळ मुखवट्यावर रोग्यास ताटकळत ठेवून नळीस उशीर झाला, तर जिवाचा धोका वाढतो.

बंधूंची ग्लानि तासानंतर वाढली, आम्लताहि उतरेना. मी मात्र "नळी नको, मुखवटाच राहूं द्या" असा हट्ट धरून बसलों होतों. डॉक्टरांनीं दोन्ही वेळचे आंकडे माझ्यापुढें ठेविले, तेव्हां मीं संमति दिली. बाराव्या दिवशीं बंधु घरीं आले.

आंकडा म्हणजे विधिलिखित नव्हे. तोहि कधीं चुकतो. परंतु आप्तांनीं तो एक तास विनवण्यांत न दवडतां, पुढची पायरी कोणती व ती केव्हां चढावयाची, हें डॉक्टरांस विचारून घेण्यांत घालवावा, एवढेंच माझें सांगणें.