इंग्रजीची वीण – लेखांक 9 : पाठराखीण आणि उपवाक्य

"हँग ऑन टिल आय फाइंड आउट हू कॉल्ड इट ऑफ."

दहा शब्द. त्यांतला एकही प्राथमिक शाळेच्या पुस्तकाबाहेरचा नाही. तरीही माझ्या रात्रीच्या वर्गातल्या एका मुलाने हे वाक्य कामावर फोनवर ऐकलं, तेव्हा त्याच्या हाती फक्त 'कॉल' एवढंच लागलं. कोणाला तरी फोन लावायचा आहे असं समजून तो नंबर शोधत बसला. या मुलाला 'कॅन्सल' येत होतं, 'पोस्टपोन' येत होतं, 'इन्व्हेस्टिगेट' स्पेलिंगसकट येत होतं. पण समोरच्या माणसाने यांतलं काहीच वापरलं नाही. तो म्हणत होता, "कोणी रद्द केलं ते मला कळेपर्यंत जरा थांब."

मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीतरी जणांची हीच अडचण असते. पुस्तकात लॅटिनमधून आलेले भारदस्त शब्द भेटतात आणि बोलण्यात 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन' असे चिमुकले. त्या चिमुकल्यांना उपवाक्यं येऊन मिळाली की पाय घसरतो. म्हणून आज या दोघांची गाठ कशी बसते ते पाहू. वरचं वाक्यच हाताशी ठेवू.

पाठराखणीची जागा

मागच्या भागात आपण फ्रेझल व्हर्बमधल्या छोट्या शब्दाला 'पाठराखीण' हे नाव दिलं होतं. नवरीसोबत सासरी जाणारी ती पाठराखीण. 'कॉल' म्हणजे हाक मारणे, पण 'ऑफ' सोबत आली की 'रद्द करणे'. 'हँग' म्हणजे लटकणे, पण 'ऑन' आली की 'जरा थांबणे'.

ही खोड इंग्रजांच्याही नजरेतून सुटलेली नव्हती. सॅम्युएल जॉन्सनचा कोश 1755 साली निघाला. क्रियापदाला छोटं अव्यय जोडून अर्थ फिरवण्याची ही रीत आपल्या भाषेत फार आहे आणि परक्यांना सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो, असं त्याने प्रस्तावनेतच नोंदवलं. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापात रूढ व्हायला मात्र 1925 उजाडावं लागलं. लोगन पिअरसॉल स्मिथ याने 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात ते वापरलं आणि ते सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द होतात. अर्थाची दिशा ठरवतो तो उपसर्ग. संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी येतो आणि त्याला चिकटूनच राहतो. पण वेदांच्या भाषेत तो धातूनंतरही येऊ शकतो, दोघांच्या मध्ये इतर शब्द आले तरी चालतं, हे पाणिनीने अष्टाध्यायीत सूत्रं करून सांगितलं आहे. 'कॉल्ड इट ऑफ' मध्ये नेमकं तेच दिसतं. क्रियापद इकडे, पाठराखीण तिकडे आणि मध्ये 'इट'.

मध्ये कोण बसू शकतं?

आजच्या धड्याचा गाभा इथे आहे. पुढची चार वाक्यं मोठ्याने वाचा.

"शी कॉल्ड इट ऑफ."
"शी कॉल्ड द मीटिंग ऑफ."
"शी कॉल्ड ऑफ द मीटिंग."
"शी कॉल्ड ऑफ द मीटिंग दॅट वी हॅड बीन प्रिपेअरिंग फॉर सिन्स मंडे."

पहिल्यात कर्म एक सर्वनाम आहे. ते मध्येच बसलं पाहिजे. 'कॉल्ड ऑफ इट' असं कोणी म्हणत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात कर्म दोन शब्दांचं आहे, ते मध्ये बसो वा शेवटी, दोन्ही चालतं. चौथ्यात मात्र कर्माच्या पाठीवर अख्खं विशेषण उपवाक्य आहे: 'जिची आम्ही सोमवारपासून तयारी करत होतो ती मीटिंग'. एवढं ओझं मध्ये घातलं, तर बिचारी 'ऑफ' वाक्याच्या टोकाला एकटी पडते. ती येईपर्यंत मीटिंग बोलावली की रद्द केली, हेच ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून पाठराखीण आधी क्रियापदाशी जाऊन बसते आणि जड कर्म मागून येतं.

थोडक्यात, हलकं मध्ये, जड शेवटी. भाषांना जड घटक वाक्याच्या शेवटाकडे ढकलायला आवडतं, हे ओटो बेहागेल या जर्मन अभ्यासकाने 1909 मध्ये मांडलं होतं. इंग्रजी बोलणारा माणूस हा नियम शिकलेला नसतो, पण बोलताना तो वजनाचा अंदाज बरोबर घेतो. आपल्यालाही पाठांतराऐवजी हा अंदाजच कमवायचा आहे.

एक सावधगिरी. 'लुक आफ्टर', 'रन इन्टू' यांसारख्या जोड्या सुटत नाहीत. तिथे सर्वनामही मागेच येतं: 'लुक आफ्टर हिम'. नवी जोडी शिकताना ती 'इट' किंवा 'हिम' घालूनच वहीत लिहा, म्हणजे जागेचा प्रश्न तिथेच मिटतो.

'आउट' आणि आपलं 'काढणे'

आता 'फाइंड आउट हू कॉल्ड इट ऑफ' हा तुकडा घ्या. इथे कर्म म्हणजे एक पूर्ण वाक्यच आहे, 'कोणी रद्द केलं ते'. व्याकरणात याला नाम उपवाक्य म्हणतात. वजनाचा नियम इथे सवलत देत नाही. 'फाइंड' आणि 'आउट' यांच्यामध्ये असं उपवाक्य बसतच नाही. 'पॉइंट आउट दॅट', 'फिगर आउट व्हाय', 'वर्क आउट हाउ', सगळीकडे पाठराखीण आधी, उपवाक्य नंतर.

या 'आउट'चा अर्थ कुठून आला, हे शब्दकोशापेक्षा आपली मराठी चांगलं सांगते. 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणे. झाकलेलं बाहेर आणायचं, म्हणून तिकडे 'आउट' आणि इकडे 'काढणे'. आणखी पाहा. 'ही टर्न्ड आउट टू बी अ लायर' याचं मराठी काय? 'तो खोटारडा निघाला.' इंग्रजीत तो 'आउट' होतो, मराठीत 'निघतो'. 'ईट इट अप' म्हणजे खाऊन टाक. 'गिव्ह इट अवे' म्हणजे देऊन टाक. जे काम इंग्रजी पाठराखीण करते, ते आपल्याकडे टाकणे, काढणे, जाणे, बसणे ही सहायक क्रियापदं करतात. प्रत्येक वेळी जोडी इतकी नेमकी जुळेल असं नाही. पण 'खा' आणि 'खाऊन टाक' यांतला फरक ज्याला कळतो, त्याला 'ईट' आणि 'ईट अप' यांतलाही कळतो.

नाम उपवाक्यातली आपली सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. 'फाइंड आउट व्हेअर डज ही लिव्ह' असं आपण सर्रास म्हणतो. शाळेत प्रश्न बनवण्याचा इतका सराव झालेला असतो की 'व्हेअर' दिसला की 'डज' आपोआप तोंडात येतो. पण उपवाक्य झालं की प्रश्नाची रचना सुटते: 'फाइंड आउट व्हेअर ही लिव्हज'. मराठीत 'तो कुठे राहतो?' हा प्रश्न आणि 'तो कुठे राहतो ते शोधून काढ' ही आज्ञा, दोन्हींत शब्दक्रम एकच. इथे मराठीचं बोट धरलं असतं तर चूक झालीच नसती.

'टिल' नंतर 'विल' नाही

वाक्यात 'टिल आय फाइंड आउट' आहे, 'टिल आय विल फाइंड आउट' नाही. शोधणं अजून व्हायचं आहे, तरीही काळ वर्तमान. 'कॉल मी व्हेन यू गेट ऑफ द ट्रेन' याचंही तसंच. वेळ किंवा अट सांगणाऱ्या उपवाक्यात इंग्रजी असं 'विल' घालत नाही.

आपण काय म्हणतो? 'गाडीतून उतरलास की फोन कर.' उतरणं व्हायचं आहे आणि आपण भूतकाळाचं रूप वापरलं. भविष्यकाळ आपणही टाळलाच. इंग्रजीने वर्तमान घेतला, आपण भूत.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. 'तो कधी परत येईल ते विचार' आणि 'तो परत येईपर्यंत थांब'. इंग्रजीत पहिलं 'आस्क व्हेन ही विल कम बॅक', दुसरं 'वेट टिल ही कम्स बॅक'. पहिल्या वाक्यात 'कधी परत येईल' ही विचारण्याची गोष्ट आहे, म्हणून नाम उपवाक्य आणि त्यात भविष्यकाळ, मराठीतही, इंग्रजीतही. दुसऱ्यात ती नुसती वेळेची खूण आहे, म्हणून भविष्यकाळ नाही, तोही दोन्हीकडे. शंका आली की आधी वाक्य मराठीत म्हणून पाहा. 'येईल' आलं तर 'विल' ठेवा, 'येईपर्यंत' किंवा 'आला की' आलं तर काढा.

आरशातलं वाक्य

शेवटी सगळं वाक्य एकत्र पाहू. इंग्रजीचा क्रम असा: थांब – तोवर – मी शोधून काढतो – कोणी रद्द केलं. मराठीचा असा: कोणी रद्द केलं – ते मी शोधून काढे – पर्यंत – थांब. दुवे तेच, क्रम बरोबर उलटा. मराठी मुख्य क्रियापदाकडे चालत जाते, इंग्रजी तिथून निघते. म्हणूनच ऐकताना आपली तारांबळ उडते. आपण शेवटच्या शब्दाची वाट पाहत असतो आणि मुख्य गोष्ट पहिल्या दोन शब्दांतच सांगून झालेली असते.

त्या मुलाला मी फळ्यावर एवढंच दाखवलं: दोन ओळी आणि मध्ये बाण. त्याने दोन-तीनदा खालून वर, वरून खाली वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे सर, पहिल्यांदा 'हँग ऑन' ऐकलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं." अगदी बरोबर. इंग्रजी ऐकताना पहिलं क्रियापद पाठराखणीसकट पकडा. पुढची उपवाक्यं एकेक करून येतात, त्यांना येऊ द्या.

या आठवड्याचा सराव

पुढील वाक्यं इंग्रजीत करा. फ्रेझल व्हर्ब वापरा आणि पाठराखीण कुठे बसवली, त्याचं कारण शेजारी मराठीत लिहा.

1. दिवे कोणी घालवले ते शोधून काढ.
2. पाऊस थांबेपर्यंत काम पुढे ढकल.
3. गेल्या वर्षी घेतलेली सायकल त्याने देऊन टाकली.

तिसऱ्या वाक्यातल्या 'घेतलेली' या शब्दाकडे नीट पाहा. मराठीने एका शब्दात मिटवलेलं इंग्रजीला उपवाक्य करून सांगावं लागतं, आणि ते उपवाक्य आलं की कर्म जड होतं. उत्तरं पुढच्या भागात पाहू. त्याच भागात 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' हे पत्रांच्या शेवटी येणारं वाक्य का चुकतं, तेही समजून घेऊ.