हेलिकॉप्टरची चित्रपुस्तके निवडताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चित्रपुस्तक म्हणजे ज्यात आशय सांगण्याचे काम शब्दांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, चित्रे करतात असे पुस्तक. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हेलिकॉप्टरची विलक्षण ओढ असल्यामुळे या विषयावरची चित्रपुस्तके आवर्जून घेतली जातात. मात्र ती निवडताना पुढील काही समजुती आड येतात.

गैरसमज १: मूल लहान असल्याने चित्र ढोबळ असले तरी चालते.

वस्तुस्थिती: चित्र साधे असावे, पण चुकीचे नसावे. माथ्यावरील मोठ्या पात्यांचा संच, म्हणजे मुख्य रोटर, एका दिशेने फिरू लागला की त्याच्या प्रतिक्रियेने हेलिकॉप्टरचा सांगाडा उलट दिशेने गरगरू पाहतो आणि शेपटीवरचा लहान रोटर त्याला आवर घालतो, म्हणून तो शोभेसाठी काढायचा किंवा विसरून जायचा भाग नव्हे. २०१९ मध्ये भारतीय वायुदलात दाखल झालेल्या चिनूक हेलिकॉप्टरला मात्र परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन मोठे रोटर असल्यामुळे शेपटीच्या रोटरची गरज पडत नाही. तेव्हा चित्र कोणत्या प्रकारच्या हेलिकॉप्टरचे आहे, हेही पाहावे लागते.

गैरसमज २: हेलिकॉप्टर हा विमानाचाच एक प्रकार असल्याने विमानाची कोणतीही गोष्ट त्याला लागू पडते.

वस्तुस्थिती: विमानाचे पंख स्थिर असतात आणि त्यांना उचल मिळण्यासाठी विमानाला वेगाने पुढे धावावे लागते, तर हेलिकॉप्टरची पाती म्हणजेच त्याचे फिरते पंख असल्यामुळे ते जागच्या जागी वर चढते आणि हवेत स्थिर राहू शकते. याच गुणामुळे मुंबईच्या समुद्रातील बॉम्बे हाय तेलक्षेत्राच्या फलाटांवर कर्मचाऱ्यांची ने-आण करता येते आणि २०१३ च्या उत्तराखंडातील महापुरात धावपट्टी नसलेल्या डोंगराळ भागांतून माणसे सोडवता आली. ज्या गोष्टीत हेलिकॉप्टरऐवजी विमान घातले तरी काहीच बिघडत नाही, ती गोष्ट हेलिकॉप्टरची नव्हे.

गैरसमज ३: पानावर जितकी माहिती अधिक, तितके पुस्तक चांगले.

वस्तुस्थिती: या वयात पानागणिक एकदोन वाक्ये पुरेशी असतात. तथापि ‘रोटर’, ‘पाती’, ‘वैमानिक’ हे नेमके शब्द कठीण समजून गाळू नयेत, कारण शब्दासमोर त्या वस्तूचे स्पष्ट चित्र असले आणि पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले गेले की मूल ते सहज आत्मसात करते.

गैरसमज ४: बटण दाबताच घरघरणारे पुस्तक अधिक शिकवते.

वस्तुस्थिती: आवाजाने लक्ष वेधले जाते, पण ते गोष्टीवरून बटणाकडे वळण्याचाही संभव असतो. शिवाय अशा अनेक पुस्तकांत नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात आणि त्या गिळल्या गेल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले नसेल, तर असे पुस्तक घेऊ नये.

गैरसमज ५: हा विषय मुलग्यांचा आहे.

वस्तुस्थिती: भारतीय वायुदलात १९९० च्या दशकातच स्त्रियांना हेलिकॉप्टरच्या वैमानिक म्हणून प्रवेश मिळाला, त्यामुळे चालकाच्या आसनावर स्त्री दाखवणारे चित्र कल्पित नसून वास्तव आहे.

गैरसमज ६: पुस्तक वाचून दाखवले की काम संपले.

वस्तुस्थिती: ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोठ्यांनी खुले प्रश्न विचारले आणि मुलाच्या उत्तरात भर घातली, तर मुलांच्या भाषेचा विकास अधिक होतो असे दिसले; या पद्धतीला संवादी वाचन म्हणतात.

यास्तव पालकांनी आणि बालवाडीच्या शिक्षकांनी दुकानातच पुस्तकाची चारदोन पाने उलटून पाहावीत आणि ज्याचे चित्र खरे आहे व ज्याच्या पानापानावर मुलाशी बोलण्यासारखे काही आहे, तेच पुस्तक निवडावे.